पाहुण्यांच्या पानात नागली, मग रेशनवर का नाही?

प्रति,
माननीय कृषिमंत्री, माननीय पर्यटनमंत्री, माननीय अन्न व नागरी पुरवठा मंत्री, महाराष्ट्र राज्य;
तसेच राज्यातील चारही कृषी विद्यापीठांचे माननीय कुलगुरू



एकाच पत्राच्या माथ्यावर इतकी पदे पाहून आपल्या कार्यालयातला आवक-जावक लिपिक ते कोणत्या फायलीला लावायचे या पेचात पडेल. आमचीही अडचण हीच आहे. नागली शेतात उभी असते तोवर ती कृषी खात्याची. तिची भाकरी होऊन पाहुण्यांच्या पानात पडली की पर्यटन खात्याची. तिच्यावर प्रबंध लिहिला गेला की विद्यापीठाची. रेशनच्या दुकानात ती नसतेच, त्यामुळे तिथे ती कोणाची हा प्रश्नच उद्भवत नाही. आपण सारे एकाच सरकारचा भाग आहात, म्हणून पत्रही एकच लिहिले आहे. ‘हा विषय आमच्या अखत्यारीत येत नाही’ हे उत्तर या वेळी नको आहे.

मी अकोले तालुक्याच्या पश्चिमेकडच्या डोंगरपट्ट्यातला रहिवासी. भंडारदरा, घाटघर, रतनगड, कळसूबाई ही नावे आपल्याला सांगायला नकोत. मे महिना संपता संपता काजवे चमकू लागले की मुंबई, पुणे, नाशिककडच्या गाड्यांची जी रांग लागते ती धबधबे ओसरेपर्यंत हलत नाही. रस्त्याच्या दोन्ही अंगांना तंबू आणि ‘चुलीवरचे गावरान जेवण’ अशा पाट्या. पानात नागलीची भाकरी, पिठले, ठेचा, भात. माणशी अडीचशे-तीनशे रुपये. यात वाईट काही नाही. पोरांच्या हाताला काम मिळते, बायकांना भाकऱ्या थापण्याचे पैसे मिळतात, आणि ज्या भाकरीला काळी म्हणून शहराने पिढ्यानपिढ्या नाक मुरडले तिच्याबरोबर आता लोक फोटो काढतात. बरे वाटते.

फक्त एकदा जेवण झाल्यावर उठून मागच्या पडवीत डोकवावे. भाकऱ्या थापणारी बाई शेजारच्या वाडीतली असते. परातीतले पीठ मात्र बहुतेक वेळा बाजारातून आणलेल्या पिशवीतले असते. कारण साधे आहे. रोज शंभर माणसांना पुरेल एवढी नागली एका घराकडून सलग मिळत नाही, आणि दहा घरांची गोळा करून, निवडून, दळून, तोलून वेळेवर पोचती करील अशी व्यवस्था वाडीत कोणी उभी केलेली नाही. इंद्रायणीचा भात, तोही व्यापाऱ्याकडचा. ती बाई मजुरी घेऊन घरी जाते तेव्हा तिच्या चुलीवर रेशनचा तांदूळ शिजतो. पाहुणे ज्याचे पैसे मोजतात ते ‘इथले अन्न’ इथून विकत घेतलेलेही नसते आणि इथे खाल्लेही जात नाही. पर्यटनावर या तालुक्यात खर्च होणाऱ्या रुपयातले किती पैसे इथल्या बांधापर्यंत पोचतात, हे आपल्यापैकी कोणी कधी मोजले आहे काय?

नागली कशी पिकते ते कृषी खात्याला ठाऊक आहे. उन्हाळ्यात राब भाजायचा. पहिल्या पावसात रोप टाकायचे. आषाढात डोक्यावर इरले नाहीतर प्लॅस्टिकचा कागद घेऊन उतारावर एकेक काडी लावत जायचे. कार्तिकात कणसे खुडायची, वाळवायची, झोडायची, पाखडायची. जमीन वरकस, फवारणी नाही, कालव्याचे पाणी नाही. 1926 साली बांधून पुरे झालेले भंडारदऱ्याचे धरण आमच्या उशाशी आहे आणि पाणी खाली उसाला जाते, पण त्या विषयात आज शिरत नाही, त्याला वेगळे पत्र लागेल. भात-नागली निघाली की वाडीतली कर्ती माणसे नारायणगावच्या मजूर बाजारात जाऊन उभी राहतात. ज्यांच्या शेताचे कौतुक करायला पाहुणे येतात, ते शेतकरी वर्षातले काही महिने दुसऱ्याच्या द्राक्षबागेत आणि टोमॅटोच्या वाफ्यात असतात.

आता भाव पाहू. 2025-26 च्या खरिपासाठी केंद्राने नागलीची किमान आधारभूत किंमत क्विंटलला 4886 रुपये ठरवली आहे. साध्या भाताची 2369. म्हणजे कागदावर नागली भाताच्या दुप्पट मोलाची. पण हमीभाव हा खरेदी झाली तर भाव असतो, नाही तर तो वर्तमानपत्रातला आकडा असतो. आमच्याकडे काढणीनंतर पहिल्यांदा येतो तो व्यापाऱ्याचा टेम्पो. दुकानाची उधारी, पोरांच्या शाळेचा खर्च, आजारपण, सगळे त्याच आठवड्यात दारात उभे असते. खरेदी केंद्र कधी उघडणार, बारदान आले आहे का, नोंदणीच्या यंत्रावर म्हातारीचा अंगठा उमटेल का, चुकारा किती दिवसांनी पडेल, या प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत कणगी रिकामी झालेली असते. मग वर्षअखेरीला ‘नागलीची आवक झाली नाही’ असा अहवाल वर जातो. आवक झाली नाही की होऊ दिली गेली नाही?

अन्न व नागरी पुरवठा मंत्री महोदय, 2013 चा राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा आपल्याला पाठ असेल. तांदूळ 3 रुपये किलो, गहू 2 रुपये आणि भरडधान्य 1 रुपया, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. जानेवारी 2023 पासून धान्य मोफत झाले आणि 1 जानेवारी 2024 पासून पुढची पाच वर्षे ते मोफत राहील असे सांगण्यात आले. याबद्दल आम्ही कृतघ्न नाही. टाळेबंदीत या धान्याने आमच्या वाड्या जगवल्या, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. पण कायद्यातले तिसरे धान्य कुठे गेले? काही जिल्ह्यांत मधूनच ज्वारी येते आणि पुन्हा गहू सुरू होतो. नागली मी आमच्या दुकानात कधी पाहिलेली नाही. दूरच्या राज्यांतून रेल्वेने आलेला गहू, जो आमच्या डोंगरात पिकत नाही आणि ज्याच्या चपात्या लाटायची आमच्या म्हाताऱ्यांना सवयही नाही, तो घाट चढून आमच्यापर्यंत येऊ शकतो. शेजारच्या शिवारातली नागली दोन कोसांवरच्या रेशन दुकानात का पोचू शकत नाही?

हे करता येत नाही असे आपण म्हणणार नाही, कारण शेजाऱ्यांनी ते करून दाखवले आहे. कर्नाटकात दक्षिणेच्या जिल्ह्यांत नागली आणि उत्तरेच्या जिल्ह्यांत ज्वारी रेशनवर दिली जाते, आणि सरकार ती तिथल्या शेतकऱ्यांकडून हमीभावाने घेते. ओडिशाने 2017 मध्ये मिलेट मिशनला हात घातला तो आदिवासी भागांतून. नागली खरेदी केली, रेशनवर वाटली, केओंझर आणि सुंदरगडच्या अंगणवाड्यांत तिचे लाडू मुलांच्या हातात दिले. ओडिशा काही आपल्यापेक्षा श्रीमंत राज्य नाही. केंद्राचा नियमही त्यांच्यासाठी निराळा नाही. भरडधान्य हमीभावाने खरेदी करून राज्यातल्या राज्यात वाटायची मुभा सर्वांनाच आहे, आणि 2021 च्या अखेरीस ज्वारी व नागलीच्या वाटपाची मुदतही केंद्राने वाढवून दिली. राज्याने आधी खरेदीचा आराखडा पाठवायचा असतो. आपण गेल्या हंगामात नागलीचा किती क्विंटलचा आराखडा पाठवला? प्रत्यक्षात किती घेतली? आणि घेतली ती कोणाच्या पोटात गेली?

दरम्यान नागलीचा मानमरातब मात्र वाढत गेला. 2018 हे वर्ष देशाने पौष्टिक तृणधान्यांचे म्हणून साजरे केले. 2023 हे संयुक्त राष्ट्रांनी साऱ्या जगासाठी केले, तेही भारताच्या प्रस्तावावरून. त्याच वर्षीच्या केंद्रीय अर्थसंकल्पात या धान्यांना ‘श्री अन्न’ म्हटले गेले आणि मार्चमध्ये आपल्या राज्याच्या अर्थसंकल्पात श्री अन्न अभियानासाठी 200 कोटी रुपयांची घोषणा झाली, सोलापुरात उत्कृष्टता केंद्र उभारण्याचीही. वर्ष संपायच्या आत ते केंद्र बारामतीला नेण्याच्या निर्णयावरून वाद पेटला. सोलापूरकरांचे चुकले असे मी म्हणणार नाही. मंगळवेढ्याच्या ज्वारीच्या जिल्ह्यातून ज्वारीचे केंद्र हलवणार असाल तर माणसे चिडणारच. पण केंद्र कुठे असावे यावर जेवढी भाषणे झाली त्याच्या निम्मी तरी त्या 200 कोटींच्या हिशेबावर झाली का? त्यातला किती पैसा खरेदीवर गेला, किती बियाण्यावर, आणि किती महोत्सव, फलक आणि पाककृती स्पर्धांवर? महोत्सवातल्या नागलीच्या केकला बक्षीस मिळाल्याची बातमी आम्ही वाचली. ती नागली कोणाच्या शेतातली होती हे बातमीत नव्हते.

पर्यटनमंत्री महोदय, आता आपल्याकडे वळतो. सप्टेंबर 2020 मध्ये राज्याने कृषी पर्यटन धोरण मंजूर केले. महासाथीच्या त्या दिवसांत ते वाचून धीर आला होता, हे खरे. शेतकऱ्याला जोडधंदा, गावातल्या तरुणांना आणि बायकांना घरबसल्या काम, नोंदणीचे प्रमाणपत्र, कर्जाची सोय, असे पुष्कळ काही त्यात होते. ओळखीच्या एका कुटुंबासाठी मी एका कार्यालयात चौकशीला गेलो. पहिला प्रश्न सातबाऱ्याचा. सातबाऱ्यावर आजोबांपासूनचे वारस, त्यात मुंबईला गेलेले चुलते, कधीच वारलेली आत्या, लग्न होऊन गेलेल्या बहिणी. सगळ्यांची संमती आणा, म्हणाले. वनहक्क कायद्याने मिळालेल्या पट्ट्यावर चालेल का, असे विचारल्यावर समोरच्या साहेबांनी उत्तर द्यायचे सोडून मागच्या माणसाला पुढे बोलावले. त्या कुटुंबाने नाद सोडला. त्याच घराची सून आज दुसऱ्याच्या तंबूंवर भाकऱ्या थापते.

याचा अर्थ कृषी पर्यटनात पैसा आला नाही असा नाही. आला, पण तो शहरातून आला आणि शहरात परत गेला. कागदपत्रे चोख, रस्त्यालगतची जमीन, पोहण्याचा तलाव, बैलगाडीची फेरी, संध्याकाळी भाड्याने बोलावलेले नाचवाले. आवारात दहा वाफे नागली लावलेली, पाहुण्यांना दाखवण्यापुरती. अशा ठिकाणाला कृषी म्हणावे का, हे आपले खाते कशावरून ठरवते? वाढले जाणारे धान्य, डाळ, भाजी यांतला ठरावीक वाटा पंचक्रोशीतल्या शेतकऱ्यांकडून घेतलाच पाहिजे, अशी अट घालून तिची कधी तपासणी केली आहे का? तेवढी एक अट अमलात आली असती तरी परातीतल्या त्या पिठाची पिशवी बदलली असती.

कुलगुरू महोदय, विद्यापीठांनी काहीच केले नाही असे मी म्हणणार नाही. दापोलीने नागलीचे वाण दिले. राहुरीच्या विद्यापीठाच्या कोल्हापूर केंद्राने ‘फुले नाचणी’ दिली. वरईवरही काम झाले. पण पेरणीच्या आठवड्यात आमच्या तालुक्याच्या दुकानात संकरित मक्याचे आणि सोयाबीनचे बियाणे रचून ठेवलेले असते आणि नागलीचे मागितले तर दुकानदार ‘मागवावे लागेल’ म्हणतो. वाण प्रसारित झाला आणि पिशवी पोचली, या दोन गोष्टींमधले अंतर कोणाच्या वार्षिक अहवालात मोजले जाते? गावठी बियाणे जपणाऱ्या राहीबाई पोपेरे आमच्याच तालुक्यातल्या, कोंभाळण्याच्या. 2020 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली, साऱ्या तालुक्याला अभिमान वाटला. सत्कारांना आपण हजर होतात. त्यांनी जपलेल्या वाणांपैकी किती वाण सरकारी बियाणे साखळीत आले?

वरईचे उदाहरण तर सांगायलाच हवे. वरई पिकवणे सोपे, सडणे कठीण. टरफल घट्ट असते, उखळात कांडता कांडता बाईचे खांदे भरून येतात. म्हणून ती न सडताच व्यापाऱ्याला जाते. नाशिककडच्या गिरण्यांतून पांढरीशुभ्र भगर होऊन ती पाकिटात बसते, आणि आषाढी एकादशीला तीच बाई दुकानातून पाव किलोचे पाकीट कितीतरी जादा भावाने विकत घेते. गावपातळीवर चालेल, सिंगल फेजवर फिरेल, बचत गटाला परवडेल आणि बिघडले तर तालुक्यात दुरुस्त होईल, असे वरई सडायचे यंत्र आमच्या किती वाड्यांत आहे? आमच्या वाडीत नाही. चंद्रावर यान उतरवणाऱ्या देशात हा प्रश्न विचारताना मलाच ओशाळल्यासारखे होते.

आणखी एक. आपले संशोधन हेक्टरी किती क्विंटल निघाले ते मोजते. त्याची गरज आहेच. पण एका तालुक्यात पिकते किती, त्यातले घरात राहते किती, बाहेर जाते किती, रेशनवर बाहेरून येते किती आणि पाहुणे खातात किती, असा अन्नाचा ताळेबंद एखाद्या तरी विद्यापीठाने मांडला आहे का? मांडला असेल तर तो ग्रामसभेत वाचून दाखवावा. नसेल, तर कृषी पर्यटनाने अन्नसुरक्षा वाढते असे परिसंवादांत जे ठासून सांगितले जाते ते कशाच्या आधारावर?

अन्नसुरक्षेचे सरकारी आकडे सरकारनेच काढलेले आहेत, म्हणून ते आपल्यासमोर ठेवायला संकोच नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या चौथ्या फेरीत (2015-16) महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची 34.4 टक्के मुले वयाच्या मानाने खुजी होती. पाचव्या फेरीत (2019-21) ती 35.2 टक्के निघाली. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांमधला रक्तक्षय 53.8 टक्क्यांवरून 68.9 टक्क्यांवर गेला. हे साऱ्या राज्याचे आकडे आहेत. डोंगरातल्या वाड्यांचे वेगळे काढले तर ते याहून बरे निघतील अशी आशा कोणी करू नये. शंभर ग्रॅम नागलीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, तांदळात दहाच्या आसपास. हे आपल्याच पुस्तिकांत छापलेले असते, रंगीत चित्रांसह. 1992-93 मध्ये जव्हारकडच्या वावर-वांगणीत मुले दगावली तेव्हापासून किती समित्या आणि किती आहार योजना झाल्या! घरपोच आहाराच्या राज्याच्या निविदा तर सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2019 मध्ये रद्द केल्या, कारण अटी अशा होत्या की गावातल्या बचत गटांना त्यात शिरताच येऊ नये. ज्या आईच्या शेतात नागली आहे तिच्या मुलाला बाहेरून आलेले बंद पाकीट का द्यायचे, याचे उत्तर त्या निकालानंतरही आम्हाला मिळालेले नाही. जानेवारी 2025 मध्ये शाळेतल्या पोषण आहारातल्या अंड्याचे पैसेही बंद झाले. ही काटकसर नेमकी कोणाच्या पानातून करायची, हे ठरवताना आपल्यासमोर कोण होते?

आपण म्हणाल, आता लोकच नागली खायचे सोडत आहेत, तरुणांना पांढरा भातच हवा. अर्धे खरे आहे. पण रेशनवर वर्षानुवर्षे फुकट मिळणारा तांदूळ एका बाजूला आणि पाठ मोडून पिकवायची, खरेदीदार नसलेली नागली दुसऱ्या बाजूला, अशी निवड ठेवल्यावर माणूस काय निवडणार? ही आवड लोकांनी घडवली की धोरणाने? आणि उद्या वरकस जमिनी पडीक पडल्या, बियाणे मोडले, लावणीची रीत जाणणारी पिढी गेली, की मग पाहुण्यांना नेमके काय दाखवणार आहात?

मागणी मोठी नाही. येत्या खरिपासाठी केंद्राकडे जाणाऱ्या खरेदी आराखड्यात नागलीचा स्वतंत्र आकडा घाला. अकोले, इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा, जव्हार आणि मोखाडा या तालुक्यांत खरेदी केंद्रे काढणीच्या आधी उघडा, नंतर नको. घेतलेली नागली त्याच तालुक्यांच्या रेशन दुकानांत, अंगणवाड्यांत आणि आश्रमशाळांत वाटा. कृषी पर्यटन केंद्रांच्या नोंदणीला स्थानिक खरेदीची अट जोडा आणि वनपट्टेधारकाला नोंदणी मिळते की नाही ते एका ओळीत जाहीर करा. विद्यापीठांनी या सातपैकी निदान एका तालुक्याचा अन्नाचा ताळेबंद मांडावा. यातल्या कशालाही नवा कायदा लागत नाही.

200 कोटींचा हिशेब आणि नागलीच्या खरेदीचा आकडा, या दोन गोष्टी आपण राब भाजायच्या आधी लेखी कळवाव्यात. उत्तर आमच्या ग्रामपंचायतीच्या फलकावर लावले जाईल. आले नाही, तर तेही तिथे तारखेसह लिहिले जाईल.

आपला,
अकोले तालुक्यातील एक शिधापत्रिकाधारक